अक्कांचं आठवड्याचं वाक्य

सोमवारी सकाळी डेपोतलं कुणीही चौकशीच्या खिडकीशी आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असे.

"अक्का, या आठवड्याला कोणतं?"

अक्का माईक बाजूला सरकवायच्या, दोरीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवायच्या आणि नव्या आलेल्या अधिकाऱ्याचं नाव सांगावं तितक्या सहज सांगायच्या, "या आठवड्याला उद्याची चिंता करायची नाही." किंवा, "या आठवड्याला जो मागेल त्याला द्यायचं. पण म्हणून लगेच मागू नका रे, मेल्यांनो."

सलोमी भालेराव हे त्यांचं नाव. धुळ्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायच्या. मी शेजारी, पासच्या खिडकीवर. मध्ये लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं आणि त्याच्या वर हातभर मोकळी जागा. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं आणि माझे सुस्कारे त्यांना. आम्ही भडगावकडचे शेतकरी. आमच्या गावात ख्रिस्ती घर नव्हतं. नाताळ म्हणजे शाळेला सुटी, एवढीच माझी माहिती. त्यामुळे नोकरीत नवी असताना हा वाक्याचा प्रकार मला कळेचना. शेवटी मी विचारलं.

"अगं, रविवारी पाळकसाहेब अर्धा तास बोलतात," अक्का म्हणाल्या. "अर्धा तास कुणाच्या ध्यानात राहतो? मी आपलं शुभवर्तमानातलं एक वाक्य उचलते आणि शनिवारपर्यंत वापरून बघते. ऐकायला सगळी छान असतात. वापरायला काढली की कळतं कुठे चावतात ते."

'वापरायचं' हा त्यांचा शब्द. वाक्य पाठ करायचं नाही, भिंतीवर लावायचं नाही, दुसऱ्याला तर अजिबात ऐकवायचं नाही. वापरायचं.

दिसायला अक्का बुटक्या, अंगाने भरलेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, केसांत बारीक काळी पिन. घोषणा करण्याआधी माईकवर नखाने दोनदा टकटक करायच्या, मग घसा साफ करायच्या आणि मग जो आवाज निघायचा तो फलाटावर झोपलेल्या कुत्र्यालाही उठवायचा. स्वभावाने गरीब वगैरे मुळीच नव्हत्या. चहात आलं जास्त झालं तर कप परत पाठवत. आपली छत्री त्यांनी कधी कुणाला दिली नाही. एकदा भर पावसात मी मागितली तर म्हणाल्या, "अंगरखा माग, देते. छत्रीचं नाव प्रभूने घेतलेलं नाही."

दुसरा गाल पुढे करण्याचं वाक्य आलं तो आठवडा मला चांगला आठवतो, कारण त्याच आठवड्यात सुरतेकडची गाडी रद्द झाली होती. चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला गाडी रद्द करण्याचा अधिकार नसतो, पण शिव्या खाण्याचा असतो. एक गृहस्थ आले, पांढरे कपडे, हातात सुटकेस. त्यांनी अक्कांना जे काही ऐकवलं ते मी पार्टिशनपलीकडून ऐकत होते आणि माझेच कान तापले होते. शेवटी त्यांनी खिडकीच्या फळीवर हात आपटला आणि पान खाल्लेल्या तोंडाने असं काही बोलले की अक्कांच्या समोरच्या कागदांवर लाल शिंतोडे उडाले.

खिडकीला लाकडी झडप होती. अशा वेळी ती खाली ओढायची आणि चहाला निघून जायचं, ही आम्हा सगळ्यांची पद्धत. मी झडपेच्या आवाजाची वाट बघत होते. तो आलाच नाही. अक्कांनी फडक्याने कागद पुसले. मग म्हणाल्या, "साहेब, नवापूरपर्यंत एक गाडी आहे. तिथून पुढची मिळेल. मी त्या कंडक्टरला सांगून ठेवते. तुम्ही उभे राहू नका, त्या बाकावर बसा."

ते गृहस्थ बसले. माफी वगैरे मागितली नाही. गाडी लागल्यावर मागे न बघता चढून गेले.

मी चिडून म्हटलं, "अक्का, काय मिळालं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "त्याने नमस्कार केला असता तर बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू? पण मी सकाळपासून विचार करत होते, माझ्या नोकरीत दुसरा गाल म्हणजे नेमकं काय. आता कळलं. झडप पाडायची नाही."

आणि खरंच, त्यानंतर त्या खिडकीची झडप मी दिवसाउजेडी पडलेली पाहिली नाही. पुढे पुढे तर ती पावसाने फुगून जागीच अडकून बसली.

सगळेच आठवडे असे साजरे होत नसत. कोणी एक कोस चालायला लावलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, असं एक वाक्य होतं. बुधवारी एक म्हातारी खिडकीशी आली, डोक्यावर गाठोडं.

"माय, पारोळानी गाडी कोठे शे वं? माले वाचता येत नही."

अक्का फलाटाचा नंबर सांगून मोकळ्या होऊ शकत होत्या. पण आठवडा दोन कोसांचा होता. त्यांनी मला हाक मारली, "वंदना, दोन मिनिटं खिडकी बघ," आणि म्हातारीचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या. गाडीत गर्दी. अक्का आत चढल्या, एका कॉलेजच्या पोराला उठवून म्हातारीला जागा करून दिली, गाठोडं वर ठेवलं, तिची तिकिटाची सूट कंडक्टरला समजावून सांगितली, आणि तेवढ्यात घंटी वाजून गाडी सुटली. ड्रायव्हर होते भिका नाना. ते म्हणतात, मला अक्का दिसल्याच नाहीत. अक्का म्हणत, आरशातून बघून हसत होता मेला.

अर्ध्या तासाने अक्का रिक्षातून उतरल्या. घामाघूम. चौफुलीपर्यंत जाऊन आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भिका नानांनी खिडकीत डोकं घालून विचारलं, "अक्का, दोन कोस भरले ना? का कमी पडले?" अक्कांना इतकं हसू आलं की पुढची घोषणा मलाच करावी लागली.

आणि कोणाचा न्याय करू नका, या वाक्याच्या आठवड्यात तर सोमवारी अकराच्या आतच निकाल लागला. कॅन्टीनमध्ये बसून अक्कांनी हिशेब खात्यातल्या एका बाईंच्या साड्यांबद्दल, सुनेबद्दल आणि रजेच्या अर्जांबद्दल सविस्तर मत दिलं. मग मध्येच थांबल्या, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नापास. हेच वाक्य पुढच्या आठवड्याला परत." ते वाक्य त्यांनी सलग किती आठवडे घेतलं, ते आम्ही मोजणं सोडून दिलं होतं.

मला वाटतं, या नापास होण्यामुळेच डेपोतली माणसं त्यांना मानत. कुणाला वाटलं नाही की या आपल्याला धर्म शिकवताहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या घरी आल्या की झोका घेत, आईच्या हातचे मांडे खात, आणि देवघरासमोरून जाताना चप्पल नसतानाही पाय जपून टाकत.

आता ज्या रविवारची गोष्ट मला सांगायची आहे, तो दिवाळीच्या आधीचा. त्यांच्या चर्चमध्ये सुगीचा सण होता. त्या दिवशी मंडळी आपापल्या परीने पिकलेलं काही घेऊन येतात, वेदीपाशी ठेवतात, मग उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. अक्कांनी टोपली भरून भरताची वांगी, केळी आणि एक भलंमोठं डांगर नेलं होतं. आपल्या हाताने परसात लावलेलं, म्हणून त्यांना त्या लाल भोपळ्याचा फार अभिमान.

मी दिवाळीच्या गर्दीमुळे रविवार असून आरक्षणाच्या खिडकीवर होते. दुपारी ड्यूटी संपत आलेली, तर समोर अक्का. काठाची साडी, गळ्यात मोत्यांची माळ, चेहरा पांढराफटक.

"अमळनेरची गाडी लागलीय. येतेस माझ्याबरोबर?"

काय झालं, मी विचारलं. गाडीत सांगते, म्हणाल्या.

अमळनेरला त्यांचा धाकटा भाऊ राहतो हे मला ठाऊक होतं. त्याच्याशी त्या बोलत नाहीत, हेही ठाऊक होतं. कारण मात्र त्या दिवशी कपाशीच्या पांढऱ्या शेतांमधून गाडी जात असताना कळलं. त्यांची आई या भावाकडे असायची. एका उन्हाळ्यात ती गेली. अक्का धुळ्याहून पोहोचल्या तोवर माती दिली गेली होती. आईचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही. कबरीवरच, सगळ्यांसमोर, अक्का भावाला नाही नाही ते बोलल्या. तो एकच म्हणाला, "आता आलीस?" त्यावर दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. बरीच वर्षं झाली होती.

"आज पाळकसाहेबांनी ते वाक्य वाचलं," अक्का म्हणाल्या. "तुम्ही अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा. हजारदा ऐकलंय गं. मी नेहमी माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे तेच धरून बसायचे. ते तर खूप आहे. पण वाक्यात ते विचारलेलंच नाही. *त्याच्या* मनात माझ्याविरुद्ध काय आहे, ते विचारलंय. आणि मला ते माहीतच नाही. मी टोपली ठेवली आणि उठून आले."

"उपासना चालू असताना?"

"गाणं चालू होतं. लोकांना वाटलं मला भोवळ आली."

भावाचं घर बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीच्या मागच्या गल्लीत होतं. तो गिरणीतच कामाला होता, गिरणी गेल्यावर घरी सायकली दुरुस्त करू लागला. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर एक सायकल उलटी ठेवून तिचं चाक फिरवत बसला होता. शामुवेल त्याचं नाव. चेहरा थेट अक्कांचा, फक्त दाढीचे पांढरे खुंट. त्याने मान वर केली, बहिणीकडे बघितलं, हातातला पाना खाली ठेवला आणि उठून आत गेला. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

त्याची बायको बाजूच्या दाराने धावत बाहेर आली. बिचारीला काय करावं सुचेना. तिने आम्हाला पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. अक्का बसल्या आणि दाराकडे तोंड करून बोलू लागल्या.

"शाम्या, मी भांडायला आले नाही. माझं काही सांगायलाही आले नाही. तुझ्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते सांग. मी ऐकून घेते."

गल्लीतल्या बाया दारादारांत येऊन उभ्या राहिल्या. मला लाजल्यासारखं झालं, पण अक्का हलल्या नाहीत. उन्हं ओट्यावरून उतरली. वहिनींनी चहा आणला, त्यात आलं भरपूर होतं, अक्कांनी निमूट प्यायला. परत जायची गाडी धरायची तर आता निघायलाच हवं होतं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तेव्हा आतून आवाज आला. रडलेल्या माणसाचा होता, आणि घरातल्या बोलीत.

"माय रोज इचारे, धुळानी गाडी उनी का? रोज. मी सांगे, येई माय, अक्का येई. मी खोटं बोलू तरी किती?"

अक्कांचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथेच राहिला. त्यांनी कारण सांगितलं नाही. बदली माणूस मिळत नव्हता, रजा मंजूर होत नव्हती, हे सगळं मला पुढे कळलं, ते खरंही होतं. पण त्या दाराशी त्या एवढंच म्हणाल्या, "हो रे. खरं आहे तुझं. मी आले नाही."

दार उघडलं नाही. आम्ही परत आलो. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच बोलल्या, "दिवसभर जगाला गाड्या सांगत होते मी, वंदना."

चर्चमध्ये इकडे वेगळीच पंचाईत झाली. अक्कांनी पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं, माझी टोपली लिलावात काढू नका, ती अजून अर्पण झालेली नाही. वांगी आणि केळी नासतील म्हणून त्यांनी अक्कांच्या घरी परत पाठवली; त्या वांग्यांचं भरीत सोमवारी आम्ही डेपोत खाल्लं. पण डांगर टिकणारं. ते वेदीच्या पायरीशी तसंच राहिलं. पुढच्या रविवारी होतं, त्याच्या पुढच्याही होतं. मंडळीतले काही जण कुरकुरले, वेदीपाशी भाजी कसली ठेवता म्हणून. पाळकसाहेबांनी ते हलवलं नाही.

आणि अक्का प्रत्येक सुटीला अमळनेरला जात राहिल्या. सोमवारी कुणी विचारलं, कोणतं, तर म्हणत, "तेच." दुसऱ्या खेपेला दार बंद नव्हतं, पण भाऊ घरात नव्हता. पुढच्या खेपेला तो ओट्यावरच होता, उठून गेला नाही, पण बोललाही नाही. चहा प्यायला, तोंड दुसरीकडे करून. अक्कांनी त्याला सायकलचे नट हातात देत दुपार काढली. मग एका खेपेला त्याने स्वतःच चपला घातल्या आणि म्हणाला, "चाल."

तो त्यांना कब्रस्तानात घेऊन गेला. आईच्या कबरीपाशी उभा राहून त्याने सांगितलं की त्या दिवशी ऊन फार होतं, लोक घाई करत होते, तरी धुळ्याहून येणाऱ्या दोन गाड्या त्याने येऊ दिल्या होत्या. दोन्ही वेळा स्वतः स्टँडवर जाऊन उभा राहिला होता. तिसऱ्या गाडीपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. अक्का तिसऱ्या गाडीत होत्या.

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" अक्कांनी विचारलं.

"तू बोलू दिधं का?" तो म्हणाला.

हे मला अक्कांनीच सांगितलं, पार्टिशनच्या वरून, माझ्याकडे न बघता. सांगून झाल्यावर माईकवर टकटक करून त्यांनी चाळीसगाव गाडीची घोषणा केली. आवाज नेहमीसारखा होता.

नाताळच्या आधीच्या रविवारी शामुवेल धुळ्याला आला. दोघा बहीणभावांनी मिळून ते डांगर पायरीवरून उचललं आणि वेदीवर ठेवलं. मग त्या एकट्या डांगराचा लिलाव झाला; ते पाळकसाहेबांच्या बायकोने घेतलं आणि कापून सगळ्या मंडळीला वाटलं. अक्कांच्या वाट्याच्या फोडीचे घारगे दुसऱ्या दिवशी डब्यात आले. भिका नानांनी चार खाल्ले. "अक्का, आता तरी नवं वाक्य?" त्यांनी विचारलं.

"इतक्यात नाही," अक्का म्हणाल्या. "भाऊ एकच आहे का मला? तुम्ही सगळे आहात की."

त्या महिन्यात त्यांनी हिशेब खात्यातल्या बाईंनाही डबा नेऊन दिला. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते कळलं नाही. पार्टिशन तिथवर नव्हतं.

निवृत्त झाल्यावर वर्षभर अक्का धुळ्यातच होत्या. मग शामुवेलला अर्धांगाचा झटका आला, एक बाजू गेली. वहिनी थकलेल्या, मुलगा पुण्याला. अक्कांनी धुळ्याची खोली सोडली आणि अमळनेरला राहायला गेल्या. स्टँडवर आता चौकशीला एक तरुण मुलगा बसतो, लोकांना गाड्या मोबाइलवर दिसतात, आणि पास काढायला येणाऱ्या मुलींना मी अक्कांबद्दल सांगायला लागले की त्या नम्रपणे ऐकून घेतात.

मागच्या हिवाळ्यात अक्का गेल्या, झोपेतच. त्याआधी पावसाळा संपताना मी त्यांना एकदा भेटले होते. जेवायला बसवलं, डेपोतल्या एकेकाची चौकशी केली, कोण कुणाशी भांडलं तेही विचारून घेतलं. मी निरोप घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा लक्षात आलं की त्यांनी दिलेला लोणच्याचा डबा ओट्यावरच राहिला. परत फिरले.

दार उघडंच होतं. अंगणात खुर्चीवर शामुवेल बसला होता, डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला. समोर पाटावर अक्का. घमेल्यातल्या पाण्यात त्याचे पाय बुडवलेले, आणि त्यातला एक उचलून मांडीवर घेऊन त्या नखं कापत होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर आला होता. मान इतकी वाकलेली की केसांतली काळी पिन दिसत होती.

"हळू ना," तो जड जिभेने म्हणाला.

"हलू नको तू," अक्का म्हणाल्या. "लहानपणीही असाच पाय ओढून घ्यायचास."

मग त्यांनी पदराने त्याची टाच पुसली, बोटांच्या मधली जागाही एकेक करून कोरडी केली, आणि दुसरा पाय उचलायला वाकल्या. शामुवेलचा उजवा हात हळूच पुढे आला आणि घसरत असलेला त्यांचा चष्मा त्याने नीट वर सरकवून दिला.

मी डबा उचलला आणि आवाज न करता बाहेर पडले.